ख्रिस्तसभेतील समता आणि नम्रता: अधिकारी व श्रद्धावंत यांचे परस्परनाते

ख्रिस्तसभेत बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक असे निरनिराळे घटक आहेत. त्यांची कामे वेगळी आणि जबाबदाऱ्याही वेगळ्या आहेत. परंतु त्यांची प्रतिष्ठा एकच आहे. ती गुरुदीक्षेतून नव्हे तर स्नानसंस्कारातून लाभते. या समतेविषयी आणि अधिकारपदावर असलेल्या व्यक्तीकडून अपेक्षिलेल्या नम्रतेविषयी पवित्र शास्त्र काय सांगते, ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो आणि आपल्या मराठी मुलखात व शेजारच्या गोव्यात या दोन्हींचे प्रत्यक्षात काय झाले, याची माहिती येथे दिली आहे. लेख लिहिताना अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटसारखी, सातपुड्याच्या पायथ्याची गावे विशेषत्वाने डोळ्यांपुढे आहेत. अशा भागात ख्रिस्ती वस्ती विरळ असते, धर्मगुरू दुरून येतात आणि श्रद्धेचा व्यवहार पुष्कळसा लोकांच्या आपसांतील वागणुकीवर चालतो.

नम्रता कोणाला सांगितली आहे?

नम्रतेवरील प्रवचन बहुधा मागच्या रांगेत बसलेल्यांना ऐकावे लागते. वास्तविक त्यांना त्याची गरज सर्वांत कमी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावात मान खाली घालूनच चालावे अशी रीत होती, ज्यांना सावकाराच्या ओट्याखाली उभे राहण्याची सवय लावण्यात आली, त्यांना आणखी वाका म्हणण्यात काय अर्थ आहे? ती नम्रता नव्हे, लाचारी होय. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि धर्मशिक्षणातही ते वेगळे राहिले पाहिजेत.

शुभवर्तमानात नम्रतेचा उपदेश कोणाला केला आहे हे पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब व योहान हे दोघे बंधू प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूची आसने मागतात आणि उरलेले दहा जण संतापतात. त्या दहांचा संताप नम्रतेपोटी होता असे मानण्याचे कारण नाही. तीच आसने त्यांनाही हवी असावीत. तेव्हा प्रभू बाराही जणांना जवळ बोलावून सांगतो की, परराष्ट्रीयांचे अधिपती जसा अधिकार गाजवतात तसे तुमच्यामध्ये नसावे. हे बारा जण म्हणजे पुढचे प्रेषित, ख्रिस्तसभेचे पहिले अधिकारी. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात मानाच्या जागा, बाजारातील नमस्कार आणि पदव्या यांविषयी जो इशारा आहे, तोही लोकांवर शिकवणुकीचे ओझे लादणाऱ्यांकडे बोट दाखवून दिलेला आहे. योहानच्या तेराव्या अध्यायात शिष्यांचे पाय धुणारा स्वतः गुरू आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने ख्रिस्ताच्या नम्रतेचे जे वर्णन केले आहे, त्यात जो वर आहे तो खाली उतरतो.

समतेचा प्रश्न पहिल्याच पिढीत उभा राहिला आणि तो पंगतीवरून उभा राहिला, ही गोष्ट मराठी वाचकाला निराळी समजावून सांगायला नको. अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांसोबत जेवत असे. यरुशलेमकडून काही मंडळी आल्यावर तो मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष विरोध केला. हा प्रसंग गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ज्याला आपण पहिला पोप मानतो त्याला एका सहकाऱ्याने सभेत खडसावले आणि ती नोंद पवित्र शास्त्रात कायम ठेवली गेली. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्रातल्याला पायांशी बसवणाऱ्या सभेची थेट झाडाझडती आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा निर्णय

अनेक शतके ख्रिस्तसभेचे चित्र डोंगरासारखे काढले जाई: शिखरावर पोप, खाली बिशप, त्याखाली धर्मगुरू आणि तळाशी प्रापंचिक. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत (१९६२ ते १९६५) ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजावर चर्चा झाली, तेव्हा अधिकारश्रेणीवरील प्रकरणाच्या आधी 'देवाची प्रजा' हे प्रकरण घालावे, अशी सूचना बेल्जियमचे कार्डिनल सुएनेन्स यांनी केली. ती मान्य झाली. वरवर पाहता हा केवळ प्रकरणांचा क्रम. पण त्यातून असे ठरले की प्रथम आपण सर्व देवाची प्रजा आहोत आणि अधिकारी हे त्या प्रजेतीलच, तिच्या सेवेसाठी नेमलेले आहेत. 'लुमेन जेन्शियुम' या नावाने ओळखला जाणारा हा दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचा बत्तिसावा परिच्छेद सर्व श्रद्धावंतांची प्रतिष्ठा समान असल्याचे सांगतो. त्याच परिच्छेदात संत ऑगस्टीन यांचा विचार उद्धृत केला आहे: लोकांसोबत ते ख्रिस्ती आहेत आणि लोकांसाठी बिशप आहेत, पहिल्या नात्याने त्यांना आधार मिळतो, दुसऱ्याचे त्यांना भय वाटते. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले, तेव्हा त्याच संध्याकाळी सज्जातून बोलताना त्यांनी हाच विचार स्मरला. ते स्वतः ऑगस्टीनियन संघाचे आहेत.

चिन्हेही बदलली. पोप पॉल सहावे यांनी नोव्हेंबर १९६४ मध्ये आपला तिहेरी मुकुट वेदीवर ठेवून सोडून दिला. पोपना खांद्यावर वाहून नेण्याची पालखीवजा खुर्ची १९७८ नंतर वापरात राहिली नाही. जानेवारी २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मप्रांतीय धर्मगुरूंना दिल्या जाणाऱ्या 'मोन्सिन्योर' या मानाच्या पदवीवर पासष्ट वर्षे वयाची अट घातली. सिनडच्या ऑक्टोबर २०२३ च्या सत्रात कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोल मेजांभोवती एकत्र बसले आणि प्रथमच स्त्रियांना मतदानाचा अधिकार मिळाला. ही सर्व चिन्हे रोमची. आपल्या गावी ती पोहोचतात की छायाचित्रातच राहतात, हा निराळा प्रश्न.

जंबेरीचा खुंट

शेंदूरजनाघाटचा परिसर संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. येथील रोपवाटिकांतून कलमे दूरदूर जातात. कलम बांधण्याची रीत येथील लहान मुलालाही ठाऊक असते: जंबेरीचे रोप आधी वाढवायचे आणि त्याच्या खोडावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा. झाड मोठे झाले की नाव संत्र्याचे होते. जंबेरी कोणी विचारत नाही. परंतु पाणी शोधणारी, माती धरून ठेवणारी मुळे जंबेरीचीच असतात. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच बांधावा लागतो. तो मातीला टेकला तर डिंक्या रोग लवकर लागतो. मुळे कुजू लागली की पहिली खूण शेंड्याच्या पानांवर दिसते.

धर्मग्रामाचेही पुष्कळसे असेच आहे. वेदीवर दिसणारी व्यक्ती एक. पण मुलांना खुणेची प्रार्थना शिकवणारी आजी, आजाऱ्याच्या घरी जाणारी बाई आणि प्रार्थनेपूर्वी सतरंजी घालणारा माणूस, यांच्यावर ते सारे उभे असते. मात्र ही उपमा फार ताणू नये. खुंटाला मत नसते. श्रद्धावंताला ते असते, आणि कायद्याने ते मांडण्याचा हक्क त्याला दिला आहे. त्याविषयी पुढे येईल.

गोव्याचा धडा

समता मागणाऱ्यांनीच पुढे विषमता पाळल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. दिवाडी बेटावरचे मातेउस दे कास्त्रो यांना सतराव्या शतकात गोव्याच्या आर्चबिशपांनी गुरुदीक्षा नाकारली. ते रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशप झाले. लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेत बिशप झालेले ते पहिले भारतीय. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. अन्याय उघड होता. तथापि कास्त्रो यांनी आपल्या लेखनात ब्राह्मण कुळाचा अभिमान काही सोडला नाही.

युरोपीय धर्मसंघ स्थानिक धर्मगुरूंना प्रवेश देत नसत, म्हणून १६८५ च्या सुमारास गोव्यातील धर्मगुरूंनी 'ओरेटरी' हा स्वतःचा संघ उभा केला. पुढे या संघातही ब्राह्मण कुळातील उमेदवारांनाच घेतले जाऊ लागले. काही धर्मग्रामांत बंधुसंघांचे सभासदत्वही जातीवर ठरत असे. वरच्याने आपल्याला समान मानावे, असे प्रत्येकाला वाटते. खालच्याशी समान व्हावे, असे वाटणारे थोडे.

त्याच ओरेटरीचे आरंभीचे एक नेते संत जोसेफ वाझ (१६५१–१७११) हे त्या थोड्यांपैकी होते. डच राजवटीत श्रीलंकेत कॅथलिक श्रद्धेवर बंदी होती. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात, अनवाणी तेथे गेले. कँडीत त्यांना हेर समजून कैद करण्यात आले. १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा सोडून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी स्वतः केली. बिशपपदाची सूचना आली असता त्यांनी ती नाकारली. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

मराठी ख्रिस्ती आणि वऱ्हाडची माती

कॅथलिक नसले तरी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव येथे टाळता येणार नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केले. परदेशी मिशनरी वरच्या जागी आणि देशी सेवक पगारी हाताखाली, ही घडी त्यांना खुपत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार वाढला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे'त आपला सोवळ्याचा आग्रह कसा होता आणि देवाने जाती निर्माण केल्या नाहीत हे उमगल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय कसा केला, हे लिहिले आहे. पुस्तकी तत्त्वापेक्षा हा निश्चय अवघड, कारण तो रोज स्वयंपाकघरात पाळावा लागतो.

वऱ्हाडात नम्रतेचे नाव काढले की गाडगेबाबा आठवतात. अमरावती जिल्ह्यातील शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर कीर्तनाच्या गावी पोहोचले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडीत. ते कोणाला पाया पडू देत नसत आणि कोणाला शिष्यही म्हणवीत नसत. त्यांनी उभारलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द झाली. पद, नाव आणि मालमत्ता या तिन्हींवरचा हक्क सोडणारा नेता ज्या मातीने पाहिला आहे, तेथील लोकांना धर्मगुरूच्या वागण्यातला साधेपणा आणि साधेपणाचा आव यांतला फरक चटकन कळतो.

आपला अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा झाला. संत फ्रान्सिस दी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे बिशप जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप. त्यांनी चाळीस वर्षे ही जबाबदारी वाहिली. या संघाचे आश्रयदाते संत फ्रान्सिस (१५६७–१६२२) हे जिनीव्हाचे बिशप होते. १६०९ मध्ये त्यांनी भक्तिमय जीवनाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो संन्याशांसाठी नसून संसारी माणसांसाठी होता. सैनिक, कारागीर आणि गृहिणी यांनाही पूर्ण पावित्र्य शक्य आहे, असे एका बिशपाने त्या काळी लिहावे, हेच मुळात मोठे होते.

जातीचा प्रश्न ख्रिस्तसभेबाहेर राहिला, असे म्हणण्याची सोय आता कोणाला उरलेली नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि त्यात ख्रिस्तसभेतही भेदभाव होतो, हे स्पष्टपणे मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. भारतातील ख्रिस्ती समाजात दलितांची संख्या पाहता हा दिवस फार उशिरा आला.

कायदा काय मागतो

ख्रिस्तसभेची कायदासंहिता १९८३ ची आहे. तिचे कलम २०८ सर्व श्रद्धावंतांची प्रतिष्ठा व कार्य यांत खरी समता असल्याचे सांगते. (कलम हा शब्द बागेत आणि कायद्यात एकच आहे, हा योगायोग.) कलम २१२ नुसार श्रद्धावंतांना ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क आहे, आणि प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही ठरते, अर्थात ते आदर राखून मांडावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्तसभा म्हणजे नगरपरिषद नव्हे. श्रद्धेचे सत्य बहुमताने ठरत नाही आणि कलम ५३६ प्रमाणे धर्मग्राम परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते. पण 'सल्ल्यापुरते' याचा अर्थ 'न विचारता' असा होत नाही. जो सल्ला मागितलाच नाही तो मानला की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. आर्थिक समितीबाबत तर कायदा अधिक कडक आहे: धर्मग्राम परिषद बिशपांना योग्य वाटल्यास नेमायची असते, परंतु कलम ५३७ प्रमाणे आर्थिक समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या पैशांचा हिशेब त्यांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. त्याची रीत स्थानिक नियमांनी ठरते. नम्रता मोजण्याचे साधन विचारले तर प्रस्तुत लेखक प्रवचनापेक्षा या हिशेबाच्या कागदाकडे आधी पाहील.

उपासनेत कोणा व्यक्तीला वा वर्गाला खास मान देऊ नये, असे महासभेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने (४ डिसेंबर १९६३) म्हटले आहे. अपवाद केवळ उपासनेतील कार्य, पवित्र दीक्षा आणि मुलकी अधिकाऱ्यांना द्यावयाचा रीतसर मान यांचा. देणगीदारासाठी पहिली रांग राखून ठेवणे यात कोठेच बसत नाही. संस्कारासाठी ठरलेल्या अर्पणापेक्षा अधिक मागू नये आणि गरिबी हे संस्कार नाकारण्याचे कारण होऊ नये (कलम ८४८). अंत्यविधीतही माणसामाणसांत भेद करू नये आणि गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये (कलम ११८१).

पवित्र गुरुवारी कोणाचे पाय धुवावेत, हाही बोलका विषय आहे. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ रोजी रोममधील अल्पवयीनांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या आणि मुस्लिमही होते. जानेवारी २०१६ च्या आदेशाने स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध, निरोगी-आजारी अशा देवाच्या प्रजेतील सर्वांमधून निवड करण्यास मुभा मिळाली. असे असूनही परिषदेचे पदाधिकारीच दरवर्षी पाय पुढे करीत असतील, तर विधी पार पडतो, एवढेच म्हणता येईल.

लहान गावाची परिस्थिती

जेथे दर रविवारी मिस्सा होऊ शकत नाही, तेथे श्रद्धावंतांनी शब्द-उपासनेत भाग घ्यावा किंवा कुटुंबात अथवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी, अशी शिफारस कलम १२४८ करते. चार घरांच्या अशा प्रार्थनेत समता आपोआप येते, असे आपण समजतो. ज्याला वाचता येते तो वाचतो, ज्याचा गळा चांगला तो गातो. परंतु ज्याचे घर मोठे त्याच्याकडेच कायम प्रार्थना भरू लागली, तर वर्षभरात तो घरमालक न नेमलेला अधिकारी होऊन बसतो आणि एका खोलीत राहणारे कुटुंब हळूहळू येईनासे होते. प्रार्थना पाळीपाळीने घरोघर फिरवणे हा यावरचा सोपा उपाय आहे. लहान घरात दाटीने बसावे लागले तरी चालते.

वेळेचेही तसेच. या भागात मृग बहराच्या संत्र्याची तोडणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे पुष्कळदा प्रायश्चित्त काळातच येते. तोडणीच्या मजुराचा दिवस पहाटे सुरू होतो. क्रुसाच्या वाटेची वेळ ठरवताना पगारदाराची सोय पाहिली की मजुराची, यावरून त्या समूहात कोणाचा शब्द चालतो ते कळते. धर्मगुरूंनी घरोघरी जावे, लोकांच्या चिंता व दुःखे वाटून घ्यावीत आणि गरीब, आजारी व एकाकी माणसांकडे विशेष लक्ष द्यावे, हे कलम ५२९ चे सांगणे अशा गावी सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे ठरते.

बिशपांवरही बंधन आहे. धर्मप्रांताचा काही भाग दरवर्षी पाहून किमान दर पाच वर्षांनी संपूर्ण धर्मप्रांताची पाळकीय भेट पूर्ण करावी, असे कलम ३९६ सांगते. यातून लहान वस्त्या वगळलेल्या नाहीत. पाहुणे येणार म्हटले की आपल्याकडे मांडव, बॅनर, हार-तुरे, शाल-श्रीफळ आणि जेवणावळ यांची वर्गणी सुरू होते, आणि ती देताना ज्याची ओढाताण होते तो बोलत नाही. कलम ३९८ मध्ये याचाही विचार आहे: या भेटीतील अनावश्यक खर्चामुळे कोणावरही भार पडणार नाही, याची काळजी स्वतः बिशपांनी घ्यावयाची आहे. तेव्हा पाच-सहा कुटुंबांच्या वस्तीने बिशपांना चटईवर बसवून चहा दिला, तर त्यात स्वागताची उणीव मानण्याचे कारण नाही.